१०८ रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी कोण तपासतं? चारित्र्य पडताळणी आणि बोटांच्या ठशांबद्दल जाणून घ्या

घर भाड्याने द्यायचं असेल तर भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या, घरकामाला माणूस ठेवायचा असेल तर त्याची पडताळणी करून घ्या, असं पोलीस वारंवार सांगतात. मॉलच्या दारात उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाची पडताळणी तर कायद्यानेच बंधनकारक आहे. मग बेशुद्ध पडलेल्या रुग्णाला ज्यांच्या हवाली केलं जातं, त्या रुग्णवाहिकेच्या चालकाची आणि आतल्या डॉक्टरची पडताळणी कोण करतं? त्यांच्या बोटांचे ठसे घेतले जातात का? आणि एखाद्यावर आंदोलनाचा गुन्हा दाखल असेल, तर त्याला हे काम मिळू शकतं का?

जालन्यासारख्या जिल्ह्यात हे प्रश्न केवळ कागदावरचे नाहीत. मंठ्याहून जिल्हा रुग्णालय गाठायचं तर सुमारे ६० किलोमीटर अंतर कापावं लागतं. प्रकृती गंभीर असेल तर तिथून पुढे छत्रपती संभाजीनगरच्या 'घाटी'पर्यंत जवळपास तेवढाच प्रवास करावा लागतो. या वेळात रुग्ण बंद गाडीत दोन अनोळखी माणसांच्या भरवशावर असतो.

थोडक्यात

• रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांचे ठसे घेऊन ते गुन्हेगारी नोंदींशी ताडून पाहणं सक्तीचं करणारा केंद्रीय कायदा भारतात नाही.
• आपल्याकडे पोलिसांची चारित्र्य पडताळणी मुख्यतः नाव, पत्ता आणि पोलीस ठाण्यातल्या नोंदींवरून होते.
• हजेरीसाठी यंत्रावर लावलेला अंगठा आणि गुन्हेगारी नोंदींची तपासणी या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत.
• गुन्हा दाखल होणं म्हणजे दोषी ठरणं नव्हे. मात्र अर्जात माहिती लपवली तर नोकरी जाऊ शकते.

हा प्रश्न का महत्त्वाचा आहे?

केरळमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये घडलेल्या एका घटनेने हा विषय देशभर चर्चेत आला. पत्तनमतिट्टा जिल्ह्यात कोरोनाबाधित १९ वर्षांच्या तरुणीला १०८ रुग्णवाहिकेतून उपचार केंद्रात नेलं जात होतं. गाडीत आणखी एक महिला रुग्ण होती. चालकाने तिला आधी रुग्णालयात सोडलं. त्यानंतर तरुणी एकटी असताना आरनमुळाजवळ निर्जन ठिकाणी गाडी थांबवून त्याने तिच्यावर बलात्कार केला. गाडीत दुसरा कोणताही आरोग्य कर्मचारी नव्हता.

या चालकाविरुद्ध खुनाच्या प्रयत्नाचा जुना गुन्हा असल्याचं अटकेनंतर समोर आलं. अशा माणसाला रुग्णवाहिका कशी मिळाली, असा सवाल उभा राहिला आणि चालकांच्या पडताळणीचे आदेश निघाले. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने या चालकाला जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात निवासी डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. या प्रकरणात दोषी ठरलेला माणूस पोलिसांचा नागरी स्वयंसेवक होता आणि त्याचा रुग्णालयात सहज वावर होता. सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी पश्चिम बंगाल सरकारला विचारलेल्या प्रश्नांपैकी एक हाच होता: या स्वयंसेवकांची भरती कशी होते आणि नेमणुकीआधी त्यांची पडताळणी कशी केली जाते?

त्याच महिन्यात बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण उघडकीस आलं. तिथला आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी होता. त्यानंतर राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. शाळांमध्ये कंत्राटी किंवा बाह्यस्रोतातून नेमलेल्या कर्मचाऱ्यांचीही पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी, असं त्यात बजावण्यात आलं.

कामाची जागा संवेदनशील आणि माणूस मात्र थेट सरकारी सेवेत नसलेला, अशी परिस्थिती या तिन्ही प्रकरणांत होती. महाराष्ट्रातली १०८ सेवाही याच पद्धतीने, म्हणजे खासगी सेवापुरवठादारामार्फत चालते.

जालन्यात आपत्कालीन वैद्यकीय सेवा कोण देतं?

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ आहे. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा असे आठ तालुके आहेत. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाचे कारखाने आहेत. त्यामुळे अपघात आणि भाजण्याच्या घटनांसाठी तातडीची वाहतूक लागते. जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं.

जिल्ह्यात रुग्णाची ने-आण साधारण तीन प्रकारच्या गाड्यांतून होते.

पहिला प्रकार १०८ चा. 'महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा' या नावाने हा प्रकल्प २०१४ मध्ये राज्यात सुरू झाला. सुरुवातीला त्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यातल्या २३३ प्रगत जीवनरक्षक आणि ७०४ मूलभूत जीवनरक्षक प्रकारच्या. सेवा चालवण्याचं काम बीव्हीजी इंडिया या कंपनीकडे देण्यात आलं. प्रत्येक गाडीत चालक आणि डॉक्टर असावा, हे महाराष्ट्राच्या १०८ चं वैशिष्ट्य. यातले बहुतेक डॉक्टर आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतात. पुढच्या टप्प्यात दुचाकी, नवजात बालकांसाठीच्या आणि पाण्यावरच्या रुग्णवाहिका धरून हा ताफा १,७५६ पर्यंत नेण्याची योजना आखण्यात आली. म्हणजे येत्या काळात या कामावर येणाऱ्या माणसांची संख्याही मोठी असेल.

दुसरा प्रकार १०२ चा. गरोदर महिला, बाळंतिणी आणि नवजात बालकांना मोफत ने-आण करणाऱ्या या गाड्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आणि ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर असतात. तिथले अनेक चालक कंत्राटी असतात.

तिसरा प्रकार खासगी रुग्णवाहिकांचा. रुग्णालयाबाहेर उभ्या असलेल्या, संस्था-ट्रस्टच्या किंवा एखाद्या व्यक्तीच्या मालकीच्या या गाड्या. गाडीची नोंदणी आणि तिची योग्यता परिवहन कार्यालय तपासतं. आत कोण बसणार, हे मात्र मालक ठरवतो.

म्हणजे 'रुग्णवाहिका' एकच दिसत असली तरी तिच्यामागचा नियोक्ता वेगवेगळा असतो. पडताळणीची जबाबदारीही त्यानुसार बदलते. कायम सरकारी कर्मचाऱ्याला नेमणुकीच्या वेळी साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो आणि त्यावरून त्याचं पूर्वचारित्र्य तपासलं जातं. कंत्राटी कर्मचाऱ्याच्या बाबतीत कंत्राटात काय लिहिलं आहे आणि ते किती पाळलं जातं, यावर सगळं अवलंबून असतं.

पार्श्वभूमी तपासणी म्हणजे नेमकं काय तपासतात?

'पोलीस व्हेरिफिकेशन झालं' एवढ्यावर बोलणं संपतं. प्रत्यक्षात त्यात चार वेगवेगळे प्रश्न दडलेले आहेत.

पहिला, ओळख: समोरचा माणूस सांगतो तोच आहे का? यासाठी आधार, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला पाहिला जातो.

दुसरा, पात्रता: डॉक्टरची पदवी आणि नोंदणी खरी आहे का? आयुर्वेद आणि युनानी डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, होमिओपॅथी डॉक्टरांची महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेकडे आणि ॲलोपॅथी डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. संबंधित परिषदेकडे नोंदणी क्रमांक पडताळून पाहता येतो. आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञांसाठी अशी देशव्यापी नोंदणी बराच काळ नव्हती. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने या व्यवसायाला आपल्या यादीत स्थान दिलं आणि राज्य पातळीवर परिषदा व नोंदवह्यांची तरतूद केली.

तिसरा, वाहन चालवण्याची क्षमता: परवाना वैध आहे का, दृष्टी आणि प्रकृती ठीक आहे का?

चौथा, गुन्हेगारी पार्श्वभूमी: माणसावर गुन्हे दाखल आहेत का, खटले चालू आहेत का, शिक्षा झाली आहे का?

चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र फक्त चौथ्या प्रश्नाचं उत्तर देतं. चारित्र्य स्वच्छ असलेला माणूस बनावट पदवीधारक असू शकतो, आणि उत्तम डॉक्टरवर गंभीर गुन्हा असू शकतो. त्यामुळे एका कागदावर चारही प्रश्न सुटले असं मानता येत नाही.

चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र कसं मिळतं?

नोकरीसाठी लागणारं हे प्रमाणपत्र राज्य पोलिसांकडून मिळतं. परदेशी जाण्यासाठी पारपत्र कार्यालयाकडून जे 'पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट' घ्यावं लागतं, ते वेगळं. अनेक अर्जदार इथेच गोंधळतात आणि चुकीच्या ठिकाणी अर्ज करतात.

राज्यात यासाठी ऑनलाइन अर्जाची सोय आहे. अर्जदार पोर्टलवर नोंदणी करतो, सध्याचा आणि आधीचा पत्ता भरतो, फोटो, ओळखीचा व रहिवासाचा पुरावा आणि नियोक्त्याचं पत्र जोडतो आणि शुल्क भरतो. जालन्यातल्या अर्जदाराचा अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. तिथून तो संबंधित पोलीस ठाण्याकडे जातो. ठाण्यातले अंमलदार नोंदी पाहतात, गरज वाटल्यास अर्जदाराला बोलावतात किंवा पत्त्यावर चौकशी करतात. अहवाल परत गेल्यावर प्रमाणपत्र दिलं जातं.

नोंदी पाहण्यासाठी पोलिसांकडे आता सीसीटीएनएस ही संगणकीय यंत्रणा आहे. देशभरातली पोलीस ठाणी एकमेकांना जोडण्यासाठी केंद्राने २००९ मध्ये हा प्रकल्प मंजूर केला. महाराष्ट्रात तो २०१५ पासून वापरात आहे. त्यामुळे दुसऱ्या जिल्ह्यातला गुन्हाही शोधता येतो.

नावावरून होणारी तपासणी कुठे कमी पडते?

मराठवाड्यातून कामासाठी बाहेर जाणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे. भोकरदनचा एखादा तरुण चार वर्षं चाकणला टेम्पो चालवतो, दोन वर्षं सुरतेत राहतो आणि मग गावी येऊन रुग्णवाहिकेवर लागतो. अर्जात त्याने फक्त गावचा पत्ता लिहिला, तर चौकशी गावातच होते. गाव सांगतं, पोरगा चांगला आहे.

नावांचाही घोळ असतो. एकाच तालुक्यात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे अनेक जण सापडतात. एकच नाव मराठीत आणि इंग्रजीत वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलं जातं. वडिलांचं नाव गाळलं, जन्मतारीख बदलली की संगणकावर माणूस सापडत नाही. उलटही घडू शकतं: दुसऱ्याच कुणाचा गुन्हा केवळ नामसाधर्म्यामुळे निर्दोष अर्जदाराच्या नावावर दिसतो आणि त्याचं प्रमाणपत्र अडकतं.

प्रमाणपत्र हे त्या दिवसाचं चित्र असतं, ही आणखी एक मर्यादा. जानेवारीत प्रमाणपत्र घेतलेल्या चालकावर जूनमध्ये गुन्हा दाखल झाला, तर ते नियोक्त्याला आपोआप कळत नाही. ठरावीक काळाने पडताळणी पुन्हा करण्याची अट कंत्राटात असेल तरच ती होते.

मग बोटांचे ठसे का घेत नाहीत?

नाव बदलता येतं, पत्ता बदलता येतो, बोटांचे ठसे बदलता येत नाहीत. बाळ आईच्या पोटात असतानाच बोटांवरच्या रेषा तयार होतात आणि आयुष्यभर तशाच राहतात. जुळ्या भावंडांचेही ठसे वेगळे असतात. म्हणूनच ठशांवरून होणारी तपासणी नावापेक्षा पक्की मानली जाते.

ठशांचा कारभारासाठी वापर भारतातच सुरू झाला. १८५८ मध्ये बंगालमधले अधिकारी विल्यम हर्शेल यांनी एका कंत्राटदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला. त्याला नंतर करार नाकारता येऊ नये, हा उद्देश होता. १८९७ मध्ये कोलकात्यात ठसे विभाग सुरू झाला. तिथे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीय पोलीस अधिकाऱ्यांनी ठशांचं वर्गीकरण करण्याच्या पद्धतीवर मोलाचं काम केलं. ती पद्धत पुढे त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर ओळखली गेली.

आज राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे 'नॅफिस' ही राष्ट्रीय ठसे यंत्रणा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये तिचं उद्घाटन झालं. अटक झालेल्या व्यक्तीला तीत दहा अंकी क्रमांक मिळतो आणि कोणत्याही राज्यातल्या पोलिसांना तिचे ठसे ताडून पाहता येतात. महाराष्ट्र पोलिसांकडे ठसे, चेहरा आणि बुबुळ एकत्र तपासणारी 'अँबिस' ही यंत्रणाही आहे.

यंत्रणा आहे, तर नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांचे ठसे त्यावर का तपासत नाहीत? याचं उत्तर कायद्यात आहे. ठसे आणि इतर मोजमापं घेण्याचा अधिकार पोलिसांना २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने मिळतो. या कायद्याने १९२० चा जुना कायदा रद्द केला. नव्या कायद्यात दोषी ठरलेले, अटक किंवा स्थानबद्ध झालेले आणि चांगल्या वर्तनाची हमी देण्याचा आदेश झालेले लोक येतात. नोकरीसाठी अर्ज करणारा सामान्य माणूस त्यात बसत नाही.

आधारचे ठसे वापरता येतील का?

नाही. आधारसाठी दिलेले ठसे आणि बुबुळांची प्रतिमा कोणत्याही कारणासाठी कुणालाही देता येणार नाही, असं आधार कायद्याच्या कलम २९ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. खासगी कंपन्यांना आधार पडताळणीची मुभा देणारी तरतूदही सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात रद्द केली होती. आधार 'हा माणूस तोच आहे का' एवढंच सांगतं. 'या माणसावर गुन्हा आहे का' हे आधारच्या यंत्रणेला माहीतच नसतं.

हजेरीच्या यंत्राचंही तसंच. रुग्णालयात किंवा कंपनीच्या कार्यालयात कर्मचारी रोज अंगठा लावतात, त्यामुळे 'आमच्या सगळ्यांचे ठसे घेतलेले आहेत' असं सांगितलं जातं. ते यंत्र फक्त कोण कधी आलं आणि कधी गेलं याची नोंद ठेवतं. त्याचा पोलिसांच्या नोंदींशी काहीही संबंध नसतो.

ठसे जुळण्याच्या व्यावहारिक अडचणीही आहेत. रेशन दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून परत फिरणारे मजूर ग्रामीण भागात नवीन नाहीत. ऊसतोड, बांधकाम, भट्टीवरचं काम यांनी बोटांच्या रेषा झिजतात. सतत हात धुण्याने आणि रसायनांनी त्वचा कोरडी पडते, तेव्हा आरोग्य कर्मचाऱ्यांनाही हा त्रास होतो. ठसे तपासण्याचा नियम केला, तर ठसा न उमटणाऱ्यांसाठी पर्यायही ठेवावा लागेल.

इतर देशांत काय पद्धत आहे?

अमेरिकेत रुग्णवाहिकेवर काम करण्यासाठी राज्याचा परवाना लागतो आणि अनेक राज्यांत त्यासाठी ठसे द्यावे लागतात. कॅलिफोर्नियात अर्जदाराच्या बोटांचे ठसे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घेऊन ते राज्याच्या न्याय विभागाकडे आणि एफबीआयकडे पाठवले जातात. वीसहून अधिक राज्यांनी मिळून आपत्कालीन वैद्यकीय कर्मचाऱ्यांसाठी आंतरराज्य करार केला आहे. एका राज्याचा कर्मचारी दुसऱ्या राज्यात काम करू शकावा, हा त्याचा हेतू. सदस्य राज्यांनी ठशांसारख्या जैविक ओळखीवर आधारलेली तपासणी करावी, अशी अट त्यात आहे.

ब्रिटनचा मार्ग वेगळा आहे. २००२ मध्ये सोहम गावात शाळेच्या कर्मचाऱ्याने दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून केला. त्याच्याविरुद्धच्या आधीच्या तक्रारी एका भागातल्या पोलिसांकडे होत्या, पण भरतीच्या वेळी त्या शाळेपर्यंत पोहोचल्या नाहीत. त्या चौकशीतून तिथली पडताळणी व्यवस्था बदलत गेली. आता 'डीबीएस' ही संस्था ही तपासणी करते आणि पॅरामेडिकना तिची सखोल तपासणी पार करावी लागते. तीही मुख्यतः नाव आणि पत्त्यांवरून होते. ओळखीबद्दल वाद झाला तर ठशांचा आधार घेतला जातो.

म्हणजे ठसे हा एकच मार्ग नाही. नोंदी एकत्र असणं आणि योग्य माणसापर्यंत वेळेत पोहोचणं तितकंच गरजेचं आहे. भारतात लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ पासून आहे. मात्र ती फक्त तपास यंत्रणांसाठी खुली आहे. नियोक्त्याला ती स्वतः पाहता येत नाही.

आंदोलनाचा गुन्हा असेल तर नोकरी मिळत नाही का?

जालना जिल्ह्यात हा प्रश्न अनेक घरांचा आहे. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला. त्यानंतरच्या घडामोडींत आंदोलकांवर गुन्हे दाखल झाले. हे गुन्हे मागे घ्यावेत, ही आंदोलनाच्या प्रमुख मागण्यांपैकी एक राहिली आणि सरकारनेही तसं आश्वासन दिलं.

इथे तीन गोष्टी समजून घेणं आवश्यक आहे.

एक, घोषणा झाली म्हणजे गुन्हा मागे घेतला गेला असं होत नाही. खटला मागे घेण्यासाठी सरकारी वकिलाला न्यायालयाची संमती घ्यावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० मध्ये ही तरतूद आहे. तोपर्यंत पोलिसांच्या नोंदीत गुन्हा प्रलंबित दिसू शकतो.

दोन, दखलपात्र गुन्हा, अदखलपात्र नोंद, प्रलंबित खटला, निर्दोष सुटका आणि दोषसिद्धी या पाच वेगळ्या अवस्था आहेत. शेजाऱ्याशी बांधावरून झालेल्या भांडणाची अदखलपात्र नोंद आणि बलात्काराची शिक्षा यांना एकाच तराजूत तोलता येत नाही.

तीन, लपवणं जास्त महागात पडतं. अवतार सिंह विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. अर्जात विचारलेली माहिती खरी असली पाहिजे. ती लपवली तर नियोक्ता नेमणूक रद्द करू शकतो. मात्र तरुण वयात घोषणा देण्यासारखा किरकोळ गुन्हा असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करण्याची मुभाही नियोक्त्याला आहे, असं न्यायालयाने म्हटलं. हा निकाल सरकारी नोकरीच्या संदर्भातला असला तरी त्यातला विवेक इतरत्रही उपयोगी आहे.

अल्पवयात घडलेल्या चुकीबद्दल बाल न्याय कायदा, २०१५ संरक्षण देतो. अपवाद वगळता, मुलाविरुद्ध सिद्ध झालेलं कृत्य पुढे त्याच्या अपात्रतेचं कारण ठरू शकत नाही.

ठशांबद्दल सावधगिरी का हवी?

ठशांचा गैरवापर कसा होतो, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि पारध्यांसह अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. १९११ च्या सुधारित कायद्याने नोंदणी झालेल्यांचे ठसे कधीही घेण्याची मुभा दिली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्यातून मुक्त झाल्या. हा दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जाण्याची सवय लगेच गेली नाही.

अशा समाजातला शिकलेला तरुण आपत्कालीन तंत्रज्ञ व्हायला आला आणि कधी तरी संशयावरून पकडल्याची नोंद आडवी आली, तर पडताळणीच अन्यायाचं साधन बनते. २०२२ च्या कायद्यानुसार मोजमापांची नोंद ७५ वर्षं ठेवता येते. खटला न चालता सुटका झाली किंवा सर्व पातळ्यांवर निर्दोषत्व सिद्ध झालं तर ती नष्ट करण्याची तरतूद आहे, पण ते प्रत्यक्षात झालं की नाही याची खातरजमा करणं सामान्य माणसाला सोपं नाही.

कर्मचाऱ्याच्या खासगीपणाचा मुद्दाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला. नियोक्त्याने माहिती कशासाठी गोळा केली, ती सुरक्षित कशी ठेवणार आणि काम संपल्यावर तिचं काय करणार, याची जबाबदारी हा कायदा त्याच्यावर टाकतो. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, पण ठसा फुटला तर नवीन बोट मिळत नाही.

पडताळणी पुरेशी आहे का?

पडताळणी मागचं सांगते, पुढचं नाही. केरळच्या प्रकरणात चालकावर आधीचा गुन्हा होता, म्हणून तपासणीने तो सापडला असता. पण पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याला कोणतंही प्रमाणपत्र पकडू शकत नाही.

म्हणून त्याच प्रकरणातला दुसरा धडाही महत्त्वाचा आहे: गाडीत चालकाशिवाय कुणीही नव्हतं. रुग्णाजवळ प्रशिक्षित कर्मचारी असणं, महिला रुग्णासोबत शक्यतो नातेवाईक किंवा आशा कार्यकर्ती असणं, गाडीच्या जीपीएसवर नियंत्रण कक्षाचं लक्ष असणं आणि गाडी ठरलेला रस्ता सोडून थांबली तर लगेच विचारणा होणं, या गोष्टी प्रत्येक फेरीत संरक्षण देतात. १०८ ला केलेला फोन आणि गाडीची हालचाल नोंदवली जाते. खासगी गाडीच्या बाबतीत अशी खात्री नसते.

कर्मचाऱ्यांच्या बाजूनेही पाहायला हवं. कंत्राटी चालकाला प्रमाणपत्रासाठी पदरचे पैसे आणि एक-दोन दिवसांची मजुरी खर्च करावी लागत असेल, तर नियम कागदावरच राहण्याची शक्यता वाढते. पडताळणीचा खर्च आणि पाठपुरावा नियोक्त्याने केला, तर ती टाळण्याचं कारण उरत नाही.

नागरिकांनी आणि अर्जदारांनी काय लक्षात ठेवावं?

रुग्णाच्या नातेवाइकांसाठी:

• शक्य असेल तर आधी १०८ ला फोन करा. त्या फेरीची नोंद राहते.
• गाडीचा क्रमांक आणि चालकाचं नाव टिपून घ्या किंवा फोटो काढून घरच्यांना पाठवा. यासाठी उपचार थांबवू नका.
• महिला, लहान मूल किंवा बेशुद्ध रुग्ण असेल तर सोबत एक जण बसेल असं पाहा.
• गैरप्रकार झाला तर लगेच ११२ वर कळवा. सेवेबद्दलची लेखी तक्रार जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे करता येते.

नोकरीच्या अर्जदारांसाठी:

• गेल्या काही वर्षांत जिथे जिथे राहिलात ते सगळे पत्ते अर्जात लिहा.
• गुन्हा दाखल असेल तर त्याचा क्रमांक, कलमं आणि सध्याची स्थिती खरी लिहा. निकाल लागला असेल तर न्यायालयाच्या आदेशाची प्रत जोडा.
• नामसाधर्म्यामुळे चुकीची नोंद दिसत असेल तर पोलीस अधीक्षक कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.
• ठसे मागितले तर ते हजेरीसाठी आहेत की आणखी कशासाठी, हे लेखी विचारा.

खासगी रुग्णवाहिका चालवणाऱ्या संस्था आणि मालकांना कायद्याच्या सक्तीची वाट पाहण्याची गरज नाही. चालक ठेवताना चारित्र्य प्रमाणपत्र मागणं, डॉक्टर किंवा तंत्रज्ञाचा नोंदणी क्रमांक परिषदेकडे तपासणं आणि दर काही वर्षांनी हे पुन्हा करणं आजच्या नियमांतही सहज शक्य आहे.